वीस लाखांचा तुषार, पन्नास लाखांचा अजिंक्य

२८ मार्च २०२५, शुक्रवार. रमजानमधला शेवटचा जुम्मा, त्यामुळे शाळा लवकर सुटणार होती. नववीच्या वर्गात मी मराठीचा तास घेत होतो आणि मागच्या दोन बाकांवर कुजबुज चालू होती. आदल्या रात्री हैदराबादच्या मैदानात शार्दूल ठाकूरनं सनरायझर्सचे ४ गडी बाद केले होते. तरावीहनंतर मोबाइलवर स्कोअर बघत सहरीपर्यंत जागलेली ही पोरं. त्यांना माझ्या समासांत काय रस असणार? मी विचारलं, "काय चाललंय मागे?" एक जण उभा राहिला आणि म्हणाला, "सर, ये शार्दूल को तो ऑक्शन में किसीने लियाच नहीं था ना?"

मी म्हटलं, "नव्हतं घेतलं."

"फिर अब अच्छा कैसे हो गया?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि समासाकडे वळलो. पण प्रश्न डोक्यात राहिला. चार महिन्यांपूर्वी ज्याला कुणी फुकटही विचारलं नाही, तो चार महिन्यांत 'अच्छा' झाला, की तो आधीपासूनच अच्छा होता आणि बघणाऱ्यांचं बघायचं राहून गेलं? सुट्टीत मी जुने आकडे, मुलाखती, पुस्तकं चाळत बसलो. तेव्हा लक्षात आलं की या प्रश्नाचा इतिहास आपल्याच लोकलच्या मार्गावर पसरलेला आहे. डोंबिवली, कल्याण आणि पूर्वी ठाणे जिल्ह्यातच असलेलं पालघर. तो इतिहास आज सांगतो.

आधी दोन शब्दांबद्दल. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यानं ही खोड मला आहे. मराठीत आपण 'किंमत' एवढा एकच शब्द दोन कामांना वापरतो. "कांद्याची किंमत वाढली" आणि "त्याला माणसाची किंमत नाही". उर्दूत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. बाजारातली ती कीमत आणि मनातली ती कदर. मराठीनं 'कदर' घेतला खरा, पण रोजच्या बोलण्यात दोन्हींची सरमिसळ झालीच. दुसरा शब्द 'लिलाव'. तो आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. जप्त केलेला किंवा उरलेला माल बोली लावून काढून टाकणं, असाच त्याचा वास होता. २० फेब्रुवारी २००८ ला मुंबईत आयपीएलचा पहिला लिलाव झाला आणि हा शब्द पहिल्यांदा जिवंत माणसांना सन्मानानं चिकटला.

पण कमी पैशात चांगला खेळाडू मिळवायची धडपड २००८ च्या फार आधीची आहे. तिचं सगळ्यात जुनं आणि बोचरं उदाहरण पळवणकर बाळू यांचं. १८९० च्या दशकात पुण्यात युरोपियनांच्या क्लबात हा चर्मकार समाजातला तरुण महिना ४ रुपयांवर कामाला होता. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे, हे त्याचं काम. बॅट त्याच्या हाती कुणी दिली नाही. तासन्‌तास साहेबांना गोलंदाजी करून हा डावखुरा फिरकीपटू असा तयार झाला की पुण्यातल्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचं तर त्याच्यावाचून गत्यंतर उरलं नाही. वाद झाले आणि शेवटी त्याला घेतलं. पण चहाच्या वेळी बाकीचे आत चिनी मातीच्या कपातून चहा पीत, तेव्हा बाळूला पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूनं ११४ बळी घेतले, १८.८४ च्या सरासरीनं. हिंदू संघाचं कर्णधारपद मात्र त्याला मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

बाळूची गोष्ट अशासाठी सांगितली की ४ रुपये ही त्याची कीमत होती आणि ती ठरताना त्याची गोलंदाजी कुणी मोजलीच नव्हती. भाव लावणाऱ्यांनी जात मोजली होती. खेळाडू स्वस्त का मिळतो, याचं पहिलं उत्तर इथं आहे. बघणाऱ्याला दुसरंच काहीतरी दिसत असतं.

प्रत्येक वेळी कारण इतकं क्रूर नसतं. कधी नुसतं अंतर असतं, कधी गर्दी. झहीर खान श्रीरामपूरचा. आई शिक्षिका, स्वतः मराठी शाळेत शिकलेला. १७ वर्षांचा असताना वडील त्याला मुंबईला घेऊन आले. त्या वेळच्या मुंबई संघात शिरायला जागा नव्हती, म्हणून तो बडोद्याकडून रणजी खेळला आणि २०००-०१ मध्ये बडोद्यानं रणजी करंडक जिंकला. पुढे हाच झहीर मुंबईकडून खेळला. त्याचं नाव ध्यानात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता बाजाराचा कायदा थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कळतील. अमेरिकेत बास्केटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळाडूचा करार संपला की तो मोकळा होतो आणि हव्या त्या संघाशी बोलू शकतो. संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते. त्यामुळे दोन-तीन महागडे खेळाडू घेतल्यावर उरलेली बाकं भरायला किमान पगारावर, कधी तर १० दिवसांच्या करारावर माणसं शोधावी लागतात. आयपीएलमध्येही खिसा ठरलेला असतो. २०२२ च्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाला ९० कोटी होते, २०२५ च्या हंगामासाठी १२० कोटी. त्यात १८ ते २५ खेळाडू बसवायचे. पण आपल्याकडे करार संपलेला खेळाडू स्वतः संघ निवडत नाही. त्याला पुन्हा लिलावाच्या टेबलावर जावं लागतं आणि तो स्वतःची फक्त आधारभूत किंमत सांगू शकतो. भारताकडून न खेळलेल्यांसाठी ती बरीच वर्षं २० लाखांपासून सुरू व्हायची. कुणी हात वर केला नाही, तर तो 'अनसोल्ड'. मग हंगामात कुणाला दुखापत झाली, तर बदली म्हणून बोलावणं येण्याची वाट बघायची.

एका खेळाडूवर २० कोटी उधळले की उरलेल्या पैशात दहा-बारा जण आणायचे असतात. करंडक पुष्कळदा या दहा-बारांवर ठरतो. हे सगळ्यात आधी दाखवून दिलं राजस्थान रॉयल्सनं. २००८ मध्ये हा सगळ्यात स्वस्तात विकला गेलेला संघ होता, ६ कोटी ७० लाख डॉलरना. मुंबईच्या संघाला ११ कोटी १९ लाख डॉलर पडले होते. पहिल्या लिलावात राजस्थाननं खर्चही सगळ्यांत कमी केला. शेन वॉटसन १ लाख २५ हजार डॉलरना आणला, तो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. सोहेल तन्वीर १ लाखाला आणला, त्यानं २२ बळी घेतले, स्पर्धेत सर्वाधिक. गोव्याचा स्वप्निल अस्नोडकर देशाच्या नकाशावर कुणाला दिसत नव्हता. त्यानं ९ सामन्यांत ३११ धावा काढल्या. १ जून २००८ ला अंतिम सामना झाला तो आपल्या ठाणे जिल्ह्यात, नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानात. युसुफ पठाणनं ५६ धावा आणि ३ बळी घेतले आणि शेवटच्या चेंडूवर राजस्थान जिंकलं.

पण याच संघाची दुसरी गोष्टही सांगायला हवी. उत्तर प्रदेशातल्या मऊ जिल्ह्याचा कामरान खान हा गरीब घरातला डावखुरा वेगवान गोलंदाज मुंबईत एका स्थानिक टी-ट्वेंटी स्पर्धेत खेळत असताना राजस्थानच्या माणसांच्या नजरेत भरला. १२ लाखांना त्याला घेतलं. २३ एप्रिल २००९ ला केपटाउनमध्ये कोलकात्याविरुद्ध सामना बरोबरीत सुटला आणि आयपीएलच्या इतिहासातली पहिली सुपर ओव्हर शेन वॉर्ननं या १८ वर्षांच्या पोराच्या हाती दिली. राजस्थान जिंकलं. त्याच हंगामात त्याच्या गोलंदाजीच्या शैलीवर आक्षेप आला. ती सुधारून तो परतला खरा, पण २०११ नंतर आयपीएलमध्ये दिसलाच नाही. स्वस्तात आणलेला माणूस सोडून द्यायलाही स्वस्त पडतो. 'शोध लावला' म्हणून टाळ्या घेणाऱ्यांच्या हिशोबात हे बहुधा येत नाही.

आता डोंबिवली. अजिंक्य रहाणेचं लहानपण इथलं. महागड्या प्रशिक्षणाची ऐपत नव्हती, म्हणून वडिलांनी सात वर्षांच्या अजिंक्यला डोंबिवलीतल्याच एका छोट्या शिबिरात घातलं, मॅटिंगच्या खेळपट्टीवर. धाकटा भाऊ एका हाताशी आणि किटबॅग दुसऱ्या हातात, अशी आई त्याला सरावाला पायी न्यायची, रिक्षाचे पैसे वाचवायला. हे त्यानं स्वतः सांगितलेलं आहे. ज्यानं सकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये दप्तर घेऊन चढायचा प्रयत्न केलाय, त्याला किटबॅग घेऊन चढणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

हाच अजिंक्य मेलबर्नला शतक ठोकून आणि २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात मालिका जिंकून आला. तरी वर्षभरात त्याच्यावर शिक्का बसला, 'हा कसोटीचा, टी-ट्वेंटीत हळू खेळतो'. मग कसोटीतली जागाही गेली. २०२२ च्या हंगामात कोलकात्याकडून ७ सामन्यांत १३३ धावा. २३ डिसेंबर २०२२ ला कोचीच्या लिलावात त्याचं नाव आलं, तेव्हा चेन्नईनं ५० लाखांना, म्हणजे आधारभूत किमतीलाच त्याला उचललं. दुसऱ्या कुणी हात वर केला नाही. त्याच दिवशी त्याच चेन्नईनं बेन स्टोक्सला १६ कोटी २५ लाख मोजले.

पुढे जे झालं, ते वाचकांना आठवत असेल. ८ एप्रिल २०२३, वानखेडे. स्टोक्स जायबंदी, मोईन अली आजारी. नाणेफेकीच्या थोडं आधी अजिंक्यला सांगितलं गेलं की आज तू खेळतोयस. मुंबईविरुद्ध १९ चेंडूंत अर्धशतक आणि २७ चेंडूंत ६१. ईडन गार्डन्सवर २९ चेंडूंत नाबाद ७१. हंगामात ३२६ धावा आणि दर १०० चेंडूंमागे १७२ धावांचा वेग. हळू खेळणारा म्हणून ज्याला बाजूला ठेवलं होतं, तो हा! स्टोक्स त्या हंगामात २ सामने खेळला. जूनमध्ये भारतीय संघानं अजिंक्यला पुन्हा बोलावलं आणि ओव्हलवर कसोटी अजिंक्यपदाच्या सामन्यात त्यानं ८९ आणि ४६ धावा केल्या.

त्याच चेन्नई संघात कल्याणचा तुषार देशपांडे होता, २० लाखांचा. त्याची सुरुवात मला फार आवडते. शिवाजी पार्कला निवड चाचणी होती आणि हा मुलगा मित्रांबरोबर फलंदाज म्हणून गेला होता. फलंदाजांची रांग लांबलचक. नंबर कधी लागणार आणि कल्याणला परत कधी पोहोचणार? गोलंदाजांची रांग आखूड होती, म्हणून तो तिकडे जाऊन उभा राहिला. तिथं पारखणाऱ्यांत पद्माकर शिवलकर होते. प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेऊन एकही कसोटी खेळायला न मिळालेले शिवलकर. बिशनसिंग बेदींच्या काळात जन्मले, एवढीच त्यांची चूक. ज्यांच्याकडे निवडकर्त्यांनी नीट पाहिलं नाही, त्यांनी या मुलाकडे नीट पाहिलं.

३१ मार्च २०२३ ला अहमदाबादला तुषार आयपीएलचा पहिला 'इम्पॅक्ट प्लेअर' म्हणून मैदानात उतरला आणि ३.२ षटकांत ५१ धावा देऊन बसला. दुसऱ्या सामन्यानंतर धोनीनं गोलंदाजांना जाहीर दम दिला की असेच वाइड आणि नो-बॉल टाकत राहिलात, तर नव्या कर्णधाराखाली खेळावं लागेल. सोशल मीडियावर तुषारची काय चेष्टा झाली, ते माझ्या वर्गातल्या पोरांना अजून पाठ आहे. पण चेन्नईनं त्याला बसवलं नाही. प्रत्येक सामन्यात चेंडू त्याच्या हाती येत राहिला. १६ सामने, २१ बळी आणि मे महिन्याच्या शेवटी करंडक. अंतिम सामन्यात तुषारला ४ षटकांत ५६ धावा बसल्या, हेही सांगितलं पाहिजे. परीकथा नव्हती ती. पण १६ सामन्यांत २१ बळी घेणारा गोलंदाज चेन्नईला २० लाखांत मिळाला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाच्या लिलावात राजस्थाननं त्याच तुषारला साडेसहा कोटी दिले.

मध्ये एक गंमत घडली. फेब्रुवारी २०२४, बीकेसीचं मैदान, रणजीचा उपांत्यपूर्व सामना, समोर बडोदा. मुंबईकडून दहाव्या क्रमांकाच्या तनुष कोटियननं नाबाद १२० आणि अकराव्या क्रमांकाच्या तुषारनं १२३ धावा केल्या. शेवटच्या जोडीची भागीदारी २३२ धावांची. शेवटच्या दोघांनीही शतक ठोकण्याचा प्रसंग प्रथम श्रेणीत त्याआधी एकदाच आला होता, १९४६ मध्ये ओव्हलवर, सरेविरुद्ध चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांच्या हातून. लांब रांगेला कंटाळून फलंदाजी सोडलेल्या पोराची ही फलंदाजी!

बास्केटबॉलमधली एक गोष्ट अगदी याच वळणाची आहे. जेरेमी लिन, तैवानी आईबापाचा अमेरिकन मुलगा, हार्वर्डमध्ये शिकलेला. २०१० मध्ये खेळाडू निवडीत त्याला कुणी घेतलं नाही. डिसेंबर २०११ मध्ये दोन संघांनी पंधरवड्याच्या आत त्याला सोडून दिलं, त्यातलं एक होतं ह्यूस्टन. न्यूयॉर्कनं त्याला किमान पगारावर घेतलं, तेही त्यांचे लोक जायबंदी होते म्हणून. ४ फेब्रुवारी २०१२ ला नाइलाजानं मैदानात सोडलं आणि त्यानं २५ गुण केले. सहा दिवसांनी लेकर्सविरुद्ध ३८. त्याच उन्हाळ्यात ज्या ह्यूस्टननं त्याला सोडलं होतं, त्यांनीच तीन वर्षांसाठी अडीच कोटी डॉलर देऊन त्याला परत नेलं. लिननं नंतर सांगितलं की आपण आशियाई दिसतो, याचा निवडीवर परिणाम झाला असं त्याला वाटतं.

हे मी वर्गात सांगितलं, तेव्हा पोरांनी विचारायचा तो प्रश्न विचारलाच. "सर, सरफराज को भी नाम की वजह से नहीं लिया क्या?" सरफराज खाननं फेब्रुवारी २०२४ मध्ये राजकोटला पहिल्याच कसोटीत ६२ आणि नाबाद ६८ केले, ऑक्टोबरमध्ये बंगळुरूला न्यूझीलंडविरुद्ध १५०. महिन्याभरानं जेद्दाच्या लिलावात तो अनसोल्ड राहिला. मी पोरांना म्हटलं, त्याच लिलावात विरारचा पृथ्वी शॉही अनसोल्ड होता आणि पालघरचा शार्दूलही. एका माणसाच्या बाबतीत कुणाच्या मनात काय होतं, ते सिद्ध करता येत नाही. डिसेंबर २०२५ च्या लिलावात सरफराजला चेन्नईनं आणि पृथ्वीला दिल्लीनं घेतलं, दोघांना ७५-७५ लाखांत. पण तुमचा प्रश्न वेडगळ आहे, असंही मी म्हणणार नाही. बाळूच्या मातीच्या भांड्यानं आपल्याला शिकवलंय की भाव लावताना माणसं खेळाखेरीज इतर गोष्टीही मोजतात. म्हणून प्रश्न मनात ठेवा आणि आकडे हातात ठेवा. रागात आकडे विसरलात, तर तुमचं कुणी ऐकणार नाही.

आता शार्दूल. दिनेश लाड सरांनी या पालघरच्या मुलाला एका शालेय सामन्यात पाहिलं आणि बोरिवलीच्या आपल्या शाळेत आणलं. रोजचा प्रवास झेपण्यासारखा नव्हता, म्हणून स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. रोहित शर्माही त्यांचाच विद्यार्थी. या शार्दूलला २०२२ मध्ये दिल्लीनं १० कोटी ७५ लाख दिले. २०२४ मध्ये तो चेन्नईला ४ कोटींत मिळाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये २ कोटींनाही कुणी घेतलं नाही. तो घरी बसला का? जानेवारी २०२५ मध्ये मुंबईचा डाव जम्मू-काश्मीरसमोर कोसळत असताना त्यानं ५१ आणि ११९ धावा केल्या. त्या रणजी हंगामात लखनौ संघाचा मार्गदर्शक असलेल्या एका माणसानं त्याला फोन केला. बदली खेळाडू म्हणून बोलावणं येऊ शकतं, तयारीत राहा, असं सांगितलं. हा माणूस झहीर खान. एके काळी ज्याला मुंबईत जागा मिळाली नव्हती, त्याचीच नजर बाहेर राहिलेल्यावर गेली. मोहसिन खान जायबंदी झाला आणि २७ कोटींना ऋषभ पंत घेणाऱ्या लखनौनं २ कोटींना शार्दूल आणला. २७ मार्चला त्यानं ३४ धावांत ४ बळी घेतले. अभिषेक शर्मा आणि ईशान किशन तर लागोपाठच्या चेंडूंवर गेले. पुढे हंगामभर तो जोर टिकला नाही, पण नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबई इंडियन्सनं त्याला २ कोटींना आपल्याकडे घेतलं.

तर "फिर अब अच्छा कैसे हो गया?" या प्रश्नाचं माझं उत्तर असं. तो अच्छाच होता, बेटा. त्याची कीमत बदलत होती, कदर करणारा एकच भेटायचा होता. पण उत्तर एवढ्यावर संपत नाही, कारण त्यातला अर्धा भाग मला स्वतःला लागू होतो.

बीएड झाल्यावर मी काही वर्षं एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवलं. दिलेल्या तासांचे पैसे, मे महिन्यात शून्य. वार्षिक स्नेहसंमेलनात संस्थेचे पदाधिकारी अभिमानानं सांगत, "इतक्या कमी खर्चात आपण इतका चांगला निकाल देतो." टाळ्या पडायच्या. मी पण वाजवायचो. तो कमी खर्च म्हणजे मीच, हे घरी जाऊन महिन्याचा हिशोब मांडताना कळायचं. 'स्वस्तात मस्त' हे कौतुक नेहमी घेणाऱ्याचं असतं. २१ बळी तुषारचे, हुशारी चेन्नईची. तुषारला साडेसहा कोटी तरी मिळाले. तासिकेवरच्या शिक्षकाचा लिलाव होत नाही.

म्हणून मला वाटायचं की या बाबतीत मी तरी शहाणा आहे. त्याच वर्षी मे महिन्यात एका पोरानं तो भ्रम घालवला. मागच्या बाकावरचा, मराठीत शंभरपैकी ३८. मी त्याच्यापुढे मनात 'काठावर' असं लिहून ठेवलं होतं. आमच्या भागात उन्हाळ्यात टेनिस बॉलची मोहल्ला लीग होते. तिच्यातही लिलाव असतो, पैशाऐवजी पॉइंटचा. हा मुलगा एका संघाचा 'मॅनेजर' झाला होता. संघ विकत घेणाऱ्या दुकानदारानं सगळे पॉइंट दोन नावाजलेल्या फलंदाजांवर उडवले होते आणि उरलेले नऊ जण आणायचं काम याच्यावर पडलं होतं.

त्यानं मला त्याची वही दाखवली. अर्धी उर्दूत, अर्धी देवनागरीत. एकेका पानावर एकेक खेळाडू. एकाच्या नावाखाली लिहिलं होतं: 'भिवंडीच्या गोदामात रात्रपाळी. शनिवारी खेळला की झोपेत असतो, रविवारी दुपारनंतर घ्यावा.' दुसऱ्याखाली: 'मागच्या साली खराब खेळला, तेव्हा अंगठा दुखावला होता. आता बरा आहे. कुणाला माहीत नाही.' तिसऱ्याखाली: 'बॅटिंग मागतो, पण याला कीपिंग द्यावी.' नऊच्या नऊ जण सगळ्यात कमी पॉइंटचे होते आणि प्रत्येकाच्या पुढे तो का स्वस्त आहे, याचं कारण होतं. जे मी या लेखात सव्वाशे वर्षांचा इतिहास धुंडाळून सांगतोय, ते या पोरानं सायकलवर फिरून, लोकांशी बोलून शोधलं होतं. आणि ते लिहिलं होतं मराठीत, त्याच ३८ गुणांच्या मराठीत. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, पण एकही वाक्य वायफळ नव्हतं.

त्याचा संघ उपांत्य फेरीत हरला. दोन महागड्या फलंदाजांपैकी एक शून्यावर गेला. पोरगा वैतागला होता. "सर, मेरे नौ तो अच्छा खेले," एवढंच म्हणाला.

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा मी दहावीच्या हजेरीपटाची एक प्रत काढून घेतली आणि एका रविवारी बसून प्रत्येक नावापुढे एक ओळ लिहिली. गुण नाही लिहिले. हा मुलगा मला आहे तसा का वाटतो आणि ते मी कधी तपासून पाहिलंय का, एवढंच. ४१ नावांपैकी २३ नावांपुढे मला दुसऱ्या भागाचं उत्तर 'नाही' असं लिहावं लागलं.